रुंद चाकांसाठी कापलेली मॉरिस

मित्रांनो, मी एक जुनी मॉरिस मोटार आहे, १९५३ सालची. रंग बदामी, दारे दोन. माझ्या मागच्या चाकांवरचा पत्रा वेडावाकडा दिसतो ना? त्याची हकीकत सांगताना मला आजही शिसारी येते. तरी सांगते.

विलायतेहून बोटीने मुंबईला आणि तिथून एका लष्करी अधिकाऱ्याबरोबर मी देवळाली कॅम्पात आले. १९७१ साली त्यांची बदली झाली, तेव्हा कॅम्पातल्या वर्कशॉपमधले फिटर देवराम पगारे यांनी मला घेतले. दर रविवारी ते सतरंजी टाकून माझ्या पोटाखाली शिरत आणि प्रत्येक नट हाताने चाचपत. त्यांच्या पत्नी यशोदाबाई नर्स होत्या. लहवित, भगूर भागातल्या कितीतरी अडलेल्या बायकांना आम्ही दवाखान्यात पोहोचवले. एक मुलगी तर माझ्या मागच्या सीटवरच जन्मली. तिच्या आजीने माझ्या बॉनेटला हळदकुंकू लावले.

"आजी, गाडीला काय कळतंय?" देवरामदादा हसले.

मला सगळे कळत होते.

१९७९ साली दादा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात गेले. त्यांचा मुलगा भिकन सातपूरच्या कारखान्यात नोकरीला होता. त्याने कुठल्याशा मासिकात रुंद टायरच्या मोटारीचे चित्र पाहिले होते. वडील घरात नाहीत हे साधून तो मला फकिरा मिस्त्रीकडे घेऊन गेला.

"मागनं वाघ बसल्यागत दिसली पाहिजे," भिकन म्हणाला.

"दिसंल की. टायर आत बसत नाय तर पत्रा कापू. पाटे आड येत्यात तर आत सरकवू."

मित्रांनो, पाटे म्हणजे मागचा सगळा भार पेलणाऱ्या पोलादी पट्ट्या. त्या माझ्या चॅसीच्या, म्हणजे तळाच्या सांगाड्याच्या, जाड पट्टीला बांधलेल्या होत्या. फकिराने त्या सोडवल्या आणि आतल्या पातळ, गंजक्या पत्र्याला वेल्डिंगने डकवल्या. गंज खरवडायचेही कष्ट घेतले नाहीत. मी खाली बसावी म्हणून पाट्यांतल्या दोन-दोन पट्ट्या काढून कोपऱ्यात भिरकावली. मडगार्ड गॅसने कापले. भोकांत वर्तमानपत्रांचे बोळे कोंबून वर पुट्टी थापली. काम करता करता तो पानाची पिंक माझ्याच चाकावर टाकत होता. मला हात असते तर मी नाक दाबले असते.

पुढे कौतुक सुरू झाले, ते तर आणखी किळसवाणे. बाजारात लोक भोवती जमायचे. "काय झाक गाडी केलीय!" म्हणत पुट्टीवर थापा मारायचे. भिकन फुलून जायचा. इतकी वर्षे मी बायका-पोरे वाहिली, तेव्हा कोणी मान वळवून पाहिले नव्हते.

दादा घरी आले ते डोळ्यावर हिरवी पट्टी घेऊन. अंगणात त्यांनी नेहमीप्रमाणे माझ्या मडगार्डखाली हात घातला. बोटे वेल्डिंगच्या गाठींवर थांबली. पुट्टीचा तुकडा निघून हातात आला. तो हुंगून त्यांनी फेकून दिला.

"भिकन, हे कोणी केलं?"

"बाबा, आता अशीच फॅशन आहे. सगळे नावाजतात."

"सगळे वरून बघतात रे. खालून कोणी बघितलं? हिच्यात माणूस बसवू नकोस."

भिकनने ऐकले नाही. महिन्याभराने सुरगाण्याला एका मित्राच्या घरी बारसे होते. दादा बाहेर गेलेले असताना त्याने आईला आणि तीन मित्रांना माझ्यात बसवले. पेठच्या पुढे घाटात वळणावळणाला रुंद टायर मडगार्डला घासू लागला. जळक्या रबराचा वास आत आला. यशोदाबाई म्हणाल्या, "भिकन, थांबव." तो म्हणाला, "पोहोचलोच, आई." पुढच्याच वळणावर गंजका पत्रा फाटला, पाटा निसटला आणि मी दगडी कठड्यावर आदळले.

यशोदाबाईंचा उजवा हात खांद्यापासून मोडला. मागून आलेल्या जीपमधल्या पुंजाराम नावाच्या माणसाने त्यांना उचलून घेतले. जाताना त्याने वाकून माझ्याखाली पाहिले आणि भिकनला म्हणाला, "भाऊ, गाडी लय फताडी केली, पन भार कशावं ठेवला?"

भिकन गुडघ्यावर बसला. त्याने पहिल्यांदाच वाकून माझ्याखाली पाहिले.

यशोदाबाईंचा हात पुन्हा वर गेला नाही. बाळंतपणे करणे कायमचे सुटले. दादांनी भिकनला मारले नाही. त्यांनी फक्त सतरंजी अंथरली आणि त्याला माझ्याखाली निजवले. दादा बाहेर बसून सांगत, भिकन आत काम करी. पुट्टी, बोळे, गंज, सगळे त्याने नखांनी उकरले. पाटे जागेवर यायला चार महिने लागले. कापलेला पत्रा मात्र पूर्वीसारखा झाला नाही.

आता १९८८ साल आहे. इंदिरानगरात भिकनचे स्वतःचे गॅरेज आहे. परवा एक ठेकेदार नवी गाडी घेऊन आला. "मागं रुंद चाकं बसवून द्या," म्हणाला. भिकनने नाही म्हटले नाही. तो एवढेच म्हणाला, "साहेब, आत खुर्चीवर माझी आई बसलीय. तिला डाव्या हाताने नमस्कार करायला कुणी लावलं, ते आधी विचारून या."

मित्रांनो, ठेकेदार आत जाऊन आला आणि रुंद चाकांचे नाव न काढता आधी स्वतःच्या गाडीखाली वाकला. तुम्हीही काहीही कापण्याआधी, सजवण्याआधी, ते कोणाचा भार वाहते आहे एवढे वाकून पाहा. कौतुक करणारे उभेच असतात. ते वाकत नाहीत.