पायरीवर आपटलेली दुर्बीण

स्वस्तातली वस्तू घेऊन ती महागाच्या तोडीची आहे असं सिद्ध करायचं, ही कर्टची जुनी खोड. त्याचा मेव्हणा ब्रेंट फौजेतून सुटून आला आणि त्याने रायफलीवर फौजी दर्जाची दुर्बीण बसवली. तेवढ्या पैशांत जुनीपानी गाडी आली असती. कर्टने मग मुद्दाम दुकानातली सगळ्यात स्वस्त दुर्बीण उचलली आणि ब्रेंटला डिवचायला सुरुवात केली.

हरणांच्या शिकारीचा मोसम उघडायच्या आदल्या दुपारी, पेनसिल्वेनियाच्या डोंगरातल्या घरच्या केबिनमागे, दोघांनी फळीवर कागद ठोकले. दोघांच्याही गोळ्या कपाच्या बुडाएवढ्या जागेत बसल्या.

"तुला दुकानदाराने नाव विकलंय, काच नाही," कर्ट म्हणाला.

"बाकावर कोपरं टेकून कुणीही मारेल, जावईबापू. उद्या जंगलात बोल."

कर्टला तेवढ्यावर थांबायचं नव्हतं. ब्रेंटचे वडील हार्लन, म्हणजे कर्टचे सासरे, सत्तरीच्या पुढचे. त्यांच्या जुन्या रायफलीला दुर्बीण नव्हती आणि नळीच्या टोकावरचा नेम धरायचा बारीक काटा त्यांना आता धूसर दिसायचा. "उद्या माझी रायफल घ्या," कर्टने गळ घातली. सासऱ्यांनी त्याच्या स्वस्त दुर्बिणीतून हरीण पाडलं की ब्रेंटचं तोंड कायमचं बंद होणार होतं.

"म्हाताऱ्यावर प्रयोग करतोयस होय?" हार्लन हसले, पण तयार झाले.

संध्याकाळी गाडीतून रायफल आत आणताना कर्टचा पाय बर्फावरून सटकला. रायफल हातातून सुटली आणि दुर्बीण नेमकी दगडी पायरीवर आपटली. रायफल पडली की आधी कागदावर एक गोळी झाडून बघायची, मगच ती जंगलात न्यायची, हे त्याला हार्लननीच शिकवलं होतं. अजून उजेड होता. फळीवरचा कागदही तसाच होता. पण गोळीचा आवाज झाला की सगळे ओसरीवर आले असते आणि ब्रेंटने विचारलं असतं, "काय झालं?" त्यापेक्षा आज आवाज नको, हरणं बुजतील, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. काच शाबूत होती, आतली नेम धरायची फुलीही दिसत होती. त्याने बर्फ पुसला आणि रायफल सासऱ्यांच्या हातात दिली.

सकाळी जंगलात कर्ट आणि हार्लन शेजारी शेजारी बसले होते. एक मोठा शिंगाळा नर झाडीतून बाहेर आला आणि आडवा उभा राहिला, लहान पोरानेही पाडावा इतका जवळ. हार्लननी सावकाश श्वास सोडला आणि घोडा दाबला. नर उसळी मारून गेला. दोघांनी बर्फ पिंजून काढला. रक्ताचा थेंब नाही, केस नाही. उजवीकडच्या झाडाच्या सालीवर मात्र गोळीचा पांढरा ताजा ओरखडा होता. तो कर्टने पाहिला. आता सांगून टाकावं, असं त्याला वाटलं.

"माझ्याच हाताला झालंय काहीतरी," हार्लन म्हणाले. कर्टने नुसती रायफल त्यांच्या हातातून घेतली.

केबिनचा रिवाज असा की ज्याचा नेम चुकला त्याच्या शर्टाचा मागचा घेर कापायचा, त्यावर नाव घालायचं आणि भिंतीवर ठोकायचा. भिंत तशा चिंध्यांनी भरली होती. ब्रेंटच्या होत्या, कर्टच्या तर ढीगभर. हार्लनची एकही नव्हती. कात्री चालवायची ती शेजारी बसलेल्याने.

"काप रे, लाजतोस काय," हार्लन पाठ करून उभे राहिले. सगळे हसले, तेही हसले. कर्टने कापलं. आपण काय करतोय हे त्याला पक्कं कळत होतं, म्हणूनच ते पाप होतं.

घरी गेल्यावर त्याने एकट्याने कागद लावला. गोळी हातभर उजवीकडे गेली. पुन्हा झाडली, पुन्हा तिथेच. तरी सासऱ्यांकडे जायला त्याने दोन आठवडे काढले, आणि तेही बायकोने, डार्लाने, जेवताना सांगितलं म्हणून. "पप्पांनी गाडीच्या किल्ल्या ब्रेंटला देऊन टाकल्या. म्हणतात, समोर उभं हरीण दिसत नाही, रस्त्यावर पोर आलं तर? करवतही हातात घेत नाहीत." कर्ट ताटावरून उठला आणि सासऱ्यांच्या घरी गेला.

हार्लन स्वयंपाकघरात बसले होते. कर्टने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. पायरी, फळीवरचा कागद, हातभर चूक. "दुर्बीणच भिकार होती," तो शेवटी म्हणाला.

"दुर्बिणीवर ढकलू नकोस," हार्लन म्हणाले. "ब्रेंटची ती सोन्याच्या भावाची गेल्या साली गाडीतून पडली होती. तिचाही नेम हलला होता. त्याने तिथल्या तिथे कागदावर झाडली, आम्ही सगळे त्याला हसलो, आणि त्याने ती सरळ करून घेतली."

कर्टने मान खाली घातली. "चुकलं माझं."

"मला देण्याआधी पडली होती ना?"

"हो."

"आणि शर्ट कापताना तुला ठाऊक होतं."

"हो."

हार्लननी दोन्ही हात टेबलावर पसरले. "त्या दिवसापासून मी या हातांकडे बघतोय, कर्ट. दाढी करताना, कॉफी ओतताना. कधी थरथरतात याची वाट बघत बसतो. रात्री देवाला म्हणतो, आणखी थोडे दिवस धड राहू देत."

टेबलावर ते हात अगदी स्थिर होते. कर्टला त्यांच्याकडे बघवेना, पण हार्लननी ते उचलले नाहीत.