माझ्या काचेतला सारस

मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, ही गोष्ट ऐकून तुमच्यातला एकजणही माझ्यावर विश्वास ठेवणार नाही. तुमच्या शाळेच्या कपाटात माझ्या शेजारी पृथ्वीचा गोल बसतो ना, त्याला मागच्या शनिवारी सांगितली, तर तो फिरायचाच थांबला. तरी यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. डिंपल, हाताची घडी सोड आणि ऐक.

मी एक जुना व्हीआर चष्मा आहे. मला डोळ्यांवर चढवलं की समोर नसलेली जागा दिसते आणि मान वळवाल तिकडे ती पसरत जाते. वजन म्हणाल तर अर्धा किलो. पण पोटात अख्खा तलाव मावतो, पाळ, गाळ आणि मासोळ्यांसकट. एकदा अंगणात पडलो होतो, तर एक बगळा माझ्या काचेवर तासभर चोच मारत बसला. उपाशीच गेला बिचारा.

माझी उमेदीची वर्षं नागपूरच्या एका कंपनीत गेली. मोठमोठ्या लोकांनी मला डोक्यावर घेतलं, वाहवा केली. मग नवे चष्मे आले आणि मी टेबलाच्या खणात जाऊन पडलो. त्या खणातून मला बाहेर काढलं रचनाने. ती तिथे प्रोग्रॅम लिहायची. नोकरी सोडून ती केशोरीला आपल्या घरी आली, तेव्हा तिच्या पिशवीत एक लॅपटॉप होता आणि मी होतो.

"आता मी माझीच कामं करीन," तिने आईला सांगितलं.

"काम देईन कोण वं इथं?" दुर्गाबाई म्हणाल्या. "धानाले चष्मा लावशीन का?"

आईचं बोलणं खरं ठरू लागलं. पाच महिने एकही काम मिळालं नाही. कंपनीचा निरोप आला, सोमवारपर्यंत परत ये, नाहीतर तुझी जागा दुसऱ्याला देतो. नेमकं त्याच सुमाराला तलाव संस्थेचे अध्यक्ष यादोराव यांनी हो-ना करत एक काम सांगितलं.

गावचा तलाव जुना, तलाव बांधण्यात तरबेज अशा कोहळी लोकांनी बांधलेला. त्याला तुडूम आहे, म्हणजे पाणी सोडायची दगडी मोरी. तिची लाकडी बुचं पाण्यात उतरून एकामागून एक काढावी लागतात. क्रम चुकला, पाय चुकला, की पाणी माणसाला आत ओढतं. हे काम बिनचूक जाणणारा एकच माणूस उरला होता, दुधराम आबा. वय ऐंशीच्या पुढे. नव्या पोरांनी ते माझ्यात पाहून शिकावं, जीव धोक्यात न घालता, असं ठरलं.

"रविवारी दाखव," यादोराव म्हणाले. "आबा हो म्हणले तर काम तुझं. नाही म्हणले तर विषय खतम."

रचना वही घेऊन आबांच्या मागे तलावाच्या पाळीवर फिरली. दगड मोजले, पायऱ्या मोजल्या, बुचं मोजली. गुरुवारी सगळा तलाव माझ्या पोटात तयार झाला.

आणि शुक्रवारी घात झाला. रचना बाहेर गेली असताना दुर्गाबाईंनी मला मायेने ओल्या पदराने पुसलं आणि लाखोरी डाळीच्या वड्यांशेजारी बाजेवर उताणं ठेवलं, वाळायला. मित्रांनो, माझी भिंगं म्हणजे उन्हाला गोळा करणारी वाटी. दहा मिनिटांत ऊन आतल्या पडद्यात सुईसारखं घुसलं.

"अवं माय! उन्हात कायले ठेवलंस?" रचना ओरडली.

"धूळ बसली होती. पुसला, तर ओल्लाच ठेवू का?"

तिने मला डोळ्यांवर चढवलं. उजवीकडे, वरच्या अंगाला एक लांबट करडा डाग. मान वळवावी तिकडे डाग तिच्या पुढे. शनिवारी दिवसभर तिने तलावावरचं आभाळ ढगाळ केलं, डाग लपावा म्हणून. ढगात तो लपला. मान खाली केली तर पाण्यावर येऊन बसला. दुसरा चष्मा एका दिवसात आणणार कुठून? रचना जेवली नाही. दुर्गाबाई वड्या न उचलताच बसून राहिल्या.

म्हणून हात जोडून सांगतो, जिच्यात काच आहे ती वस्तू मायेनेसुद्धा उन्हात ठेवू नका.

रविवारी संस्थेच्या खोलीत माणसं जमली. यादोरावांना शिडीवर चढलं तरी गरगरतं, ते मला डोळ्यांजवळ आणायला तयार नव्हते. "आबाचा शब्द तो माझा शब्द," म्हणाले. रचनाने माझा पट्टा आबांच्या डोक्यावर आवळला.

आबांना पाळ दिसली. ते थांबले आणि पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या. खोलीत कुणी हसलं नाही. मग ते पुटपुटत पायऱ्या उतरले, हवेत हात घालून एकेक बूच काढू लागले. "पहिलं. दुसरं. हां, इथं डावा पाय आड लावावा लागते... लावला पोरीनं. तिसरं."

शेवटचं बूच निघालं. आबांनी मान वर केली आणि ती तिथेच अडकली. डावीकडे नेली, उजवीकडे नेली, खाली केली. पुन्हा वर.

"का झालं आबा?" यादोराव पुढे सरकले. "पोरीच्या मायनं चष्मा जाळला म्हणून ऐकलं मी. डाग हाये का आतमंदी? डागी माल असन तर आत्ताच सांगा."

रचनाने ओठ उघडले. ती हो म्हणणार होती, मी तिचा श्वास ऐकला. तेवढ्यात आबांनी हात वर केला.

"डाग नोहोय गा यादोराव. सारस होय. एकटाच उडून राहिला पाळीवरून. तलाव पक्का हाये. काम देऊन टाक पोरीले."

आता माझी करामत ऐका, मित्रांनो! आबांची मान वर झाली तेव्हाच मी आतून जोर लावला. डागाला पंख फोडले, मान लांब केली, डोक्यावर लाल रंग ओतला, वर सारसासारखी हाकसुद्धा मारली. आबा पुरते फसले! रचना तर आबांकडे बघतच राहिली, डोळ्यांत पाणी, माझ्या करामतीने थक्क झाली म्हणून. सोमवारी ती नागपूरला गेली नाही. आज तिच्याकडे चार नवे चष्मे आहेत, आणि तिचं ते पहिलं काम टिकलं ते निव्वळ माझ्या त्या एका सारसामुळे...

"खोटं!"

डिंपल उभी राहिली होती.

"सारस कधी एकटा राहते का? आमच्या धानाच्या बांधीत येते तं जोडीनंच येते. मले माहीत हाये, तं आबाले माहीत नसन का? आबाले डागच दिसला होता!"