बिनबटणाचा दांडा

मी सायकलच्या सीटखालचा दांडा बोलतोय. जुना दांडा. दाराआड केराच्या सुपलीशेजारी उभा असतो, तो मी. सायकलवर आता दुसराच बसलाय आणि त्याला बघून माझ्या पोटात दुखतं. माझं पोट म्हणजे नुसती पोकळ नळी, तरी दुखतं.

माझा जन्म लुधियानाच्या कारखान्यातला. तिथून शहागंजातल्या एका दुकानात आलो. वाळूजच्या कंपनीत नोकरी करणाऱ्या शिवराजनं आपल्या मुलीसाठी, श्रेयासाठी, डोंगरात चालणारी सायकल घेतली, तिच्यासोबत मीही घरी आलो. श्रेया तेव्हा नववीत होती. तिचे पाय टेकावेत म्हणून मला पार गळ्यापर्यंत आत दाबलं होतं.

शिवराजचं गाव कन्नडकडचं. तिथं खंडेनवमीला नांगर, विळे, कुऱ्हाडी पुजतात. इथं शहरात सायकल पुजायचे. दर खेपेला श्रेया वर्षभरात वाढलेली असायची. शिवराज मला थोडा वर ओढायचा आणि कानशीनं माझ्या अंगावर रेघ मारायचा. मग श्रेयाची आई सुरेखा त्या रेघेवर तेलाचं बोट फिरवून कुंकू लावायची. श्रेया कधी किती वाढली ते शाळेला माहीत नसेल, मला माहीत आहे.

चढताना सीट उंच लागते, उतरताना खाली. म्हणून डोंगरात प्रत्येक उताराच्या तोंडाशी श्रेया थांबायची, खिशातली षट्कोनी चावी काढून मला आवळणारा पट्टा सैल करायची आणि मला खाली सारायची. बाकीचे तोवर पुढं निघून जायचे. जाईनात का. ती आणि मी दोघंच मागं राहायचो, मला तेच आवडायचं.

नोकरी लागल्यावर तिनं ड्रॉपर आणला, म्हणजे बटणावर खालीवर होणारा दांडा. मला उपटून फरशीवर ठेवलं, त्याची तेलाची बारीक नळी सायकलच्या पोटातून ओवली, हँडलवर बटण बसवलं. मग दोन सिरिंज घेऊन बसली. एका टोकानं तेल ढकलायचं, दुसऱ्या टोकानं बुडबुडे ओढायचे.

सुरेखा म्हणाली, "सायकलीला बी सलाइन लावायची पाळी आली का?"

"नळीत हवा राहिली तर सीट मधीच अडकती, आई."

आणि त्याची उंची कशावरून ठरवली? माझ्या शेवटच्या रेघेवरून. मला शेजारी आडवा ठेवून माप घेतलं. माप माझं आणि मान त्याला.

बटण दाबून वजन टाकलं की हे साहेब खाली जातात, वजन काढून पुन्हा दाबलं की आपोआप वर येतात. त्याचा चकचकीत पाय, म्हणजे आतबाहेर सरकणारी नळी, रोज मऊ कापडानं पुसायचा, कारण त्याला ओरखडा सोसत नाही. मला मात्र जन्मभर शिवराजच्या फाटक्या बनियननं पुसलं.

हेही मी गिळलं असतं. पण खंडेनवमी आली. श्रेया कामावर होती. सुरेखानं सायकल अंगणात घेतली आणि तेलाचं बोट फिरवून कुंकू लावलं, ते त्याच्या पायाला. वर अक्षता. माझं कुंकू! दाराआडून मी बघत होतो. माझा नुसता तिळपापड झाला.

दसऱ्याला सोनं द्यायला आलेल्या पाहुण्यांना शिवराजनं खेळ दाखवला. "बघा, लई भारी वस्तू हाय." बटण दाबून सीट खाली, बटण दाबून सीट वर. प्रत्येक खेपेला कुंकू आणि तांदळाची कणी त्याच्या रबरी कडीत घासत गेली. संध्याकाळपर्यंत पायावर ओरखडे उठले, तेल पाझरू लागलं आणि पाहुण्यांचा एक जाडजूड जावई बसल्या बसल्या सावकाश खाली गेला. इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

श्रेया त्याला हातात धरून म्हणाली, "बिचारा." मला असं कुणी कधी म्हटलं नाही.

म्हैसमाळच्या डोंगरातली शर्यत तोंडावर आली होती, श्रेयानं त्या शर्यतीसाठी वर्षभर घाम गाळला होता. सुटे भाग वेळेत मिळेनात. मग सुपलीशेजारून मला उचललं. मी पुन्हा माझ्या जागी उभा राहिलो, शेवटच्या रेघेवर. चढावर श्रेया सगळ्यांच्या पुढं होती आणि तिचं सगळं वजन माझ्यावर होतं.

माथ्यावर मी वाट बघत होतो. आता थांबेल, चावी काढेल. ती थांबली नाही. मागच्या मुलींनी बटणं दाबली होती. ही थांबली असती तर त्या पुढं गेल्या असत्या. खडकाच्या पायरीवर तिला अंग मागं घ्यायचं होतं आणि मागं मी ताठ उभा होतो. सीटनं तिला मागून उसळवलं आणि ती हँडलवरून पुढं फेकली गेली. गळ्याजवळचं हाड मोडलं. शर्यत तिथंच संपली.

दवाखान्यात शिवराज म्हणाला, "त्या जुन्या दांड्यानं घात केला."

"त्याचं काय चुकलं, पप्पा? मीच थांबायला पायजे होतं."

मला वाटलं होतं, निदान रागावेल तरी. माणूस आपल्यावर रागावतं तेव्हा आपण त्याचे असतो.

हाड जुळलं. ड्रॉपरही दुरुस्त होऊन आला, मी पुन्हा दाराआड. वर्ष गेलं. खंडेनवमीला सुरेखा कुंकवाची वाटी घेऊन सायकलपुढं अवघडून उभी राहिली. "आता कुठं लावू गं? तुझ्या त्या नाजूक पाव्हण्याला तर नाय चालायचं."

श्रेया आत आली. सुपली बाजूला सारून तिनं मला उचललं आणि सायकलपुढं पाटावर ठेवलं.

"याला लाव, आई. दरवर्षी यालाच लावत जा."

सुरेखानं तेलाचं बोट माझ्या एकेका रेघेवरून फिरवलं. कुंकू रेघांत बसलं. समोर तो उभा होता, चकचकीत. त्याला एक रेघसुद्धा सोसत नाही आणि माझ्या अंगावर श्रेयाचं सगळं वाढणं आहे.

मी अजून जळतो, खोटं कशाला बोलू? सीट त्याच्याकडेच आहे. पण दाराआड कधी मी हाताला लागलो, तर तेवढं कुंकू पुसू नका.