सुट्टीच्या सकाळचं पाणी

मित्रांनो, नाकाला रुमाल लावून तुम्ही पूल ओलांडता ना, त्याच्या खाली वाहणारी नदी ती मीच. वयाने मी तुमच्या शहराहून थोरली आहे. डोंगरातून निघाले तेव्हा ओंजळभर होते, इथवर येताना अंगाने भरले. लोकांनी माझ्या काठी घरं बांधली, माझ्या गोड पाण्याचं तोंडभर कौतुक केलं. मग घरोघरी नळ आले आणि मी नकोशी झाले. आता सांडपाण्यापासून फुटक्या खुर्च्यांपर्यंत सगळं माझ्या गळ्यात मारतात आणि वर मलाच घाणेरडी म्हणतात.

वरच्या वळणावर कापड रंगवायचा कारखाना आहे. तिथला रंगारी मनाने वाईट नाही. हौदातलं उरलेलं पाणी तो फक्त सुट्टीच्या दिवशी सकाळी माझ्यात सोडतो. तेव्हा खालच्या घाटावर कपडे धुणारं कुणी नसतं, म्हणजे कुणाला त्रास नाही, असं त्याला वाटतं. माझा त्रास त्याच्या गावीही नाही.

त्याची थोरली बहीण याच घाटावर कपडे धुते. आई गेल्यावर तिनेच धुणी धुऊन त्याला वाढवलं. गेल्या आठवड्यात तिच्याकडे दवाखान्याच्या चादरी आल्या. काम उरकेना, म्हणून ती सुट्टीच्या दिवशीही आली आणि कोपरापर्यंत हात बुडवून धूत राहिली. तेवढ्यात वरून हौद धुतलेलं, रसायनाचं जहाल पाणी आलं. त्याला रंग नव्हता, त्यामुळे तिला कळलंच नाही. मला मागे सरायचं होतं, पण नदीला मागे सरता येतं कुठे?

तिच्या हातांना फोड आले. पुन्हा असं झालं तर हात कायमचे जातील, असं डॉक्टरांनी बजावलं. उरलेल्या चादरी धुवायला रंगारी घाटावर आला. पट्ट्या बांधलेले हात मांडीवर ठेवून ती पायरीवर बसली होती.

“नदीच नासलीय, ताई,” तो म्हणाला. मला असा संताप आला!

“बरी झालीस की ये,” तो पुढे म्हणाला. “फक्त सुट्टीच्या दिवशी येऊ नकोस.”

“का रे? सुट्टीच्या दिवशी काय असतं?”

तो चादर पिळत राहिला. थेंब गळायचा थांबला तरी पिळतच राहिला.

“तू सोडतोस?” तिने हळूच विचारलं.

“मालक सांगतात गं. नाही म्हटलं तर काढून टाकतील. आणि खाली कुणी नसतं म्हणून...”

“पुढच्या वळणावर बायका भाजी धुतात, पोरं डुंबतात. त्यांना कोण सांगणार?”

तो पुढची चादर उचलायला वाकला.

“मग ऐक. दर सुट्टीला मी इथे येणार आणि पाण्यात हात घालून बसणार. तू सोड खुशाल.”

उद्या सुट्टी आहे. ताई बोलल्याप्रमाणे वागणारी बाई आहे, ती येईल. मला फार भीती वाटते, मित्रांनो. वरून जे येईल ते मी तिच्या हातांपर्यंत नेणारच, मला थांबता येत नाही. ते थांबवायचं तर वर, हौदाच्या तोटीपाशीच. अशी एखादी तोटी तुमच्याही घरात असेल, दुकानात असेल. ती सोडण्याआधी एकदा खाली येऊन बघा, पाण्यात कुणाचे हात आहेत ते.