डाव्या हाताची पूजा

डोंबिवली पूर्वेला दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या परशुराम दातारांच्या घरात कुठलीही वस्तू सुखाने वस्तू म्हणून राहू शकत नसे. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर लोक गुडघ्यांच्या मागे लागतात नाहीतर देवाच्या; दातार रास्पबेरी पायच्या मागे लागले. पत्त्यांच्या कॅटाएवढा हिरवा बोर्ड, त्यावर अख्खा संगणक, आणि तोही स्वस्तातला. मग काय, तुळशीच्या कुंडीत त्यांनी तार खुपसली. माती सुकली की फोनवर निरोप यायचा, आणि तो निरोप दातार मोठ्याने वाचून दाखवायचे म्हणजे बायकोने, सुमतीने, उठून पाणी घालायचं. दाराच्या बेलने दूधवाल्याचे काही शे फोटो काढले होते. ते कशासाठी, हे दूधवाल्याने एकदा विचारलं, तेव्हा दातारांनाही सांगता आलं नाही.

सुमतीला हे नावच मुळात पटलेलं नव्हतं. सरबताचं नाव यंत्राला ठेवणारी माणसं काय धड असणार, असं ती म्हणे. तीस वर्षं ती पहिली-दुसरीच्या वर्गांना शिकवत होती. नको त्या खेळात रमलेल्या पोराकडे कसं बघायचं ते तिला पक्कं ठाऊक होतं, आणि नवऱ्याकडे ती तसंच बघे.

या सगळ्या उचापतींमधून खरोखर उपयोगी पडलेली गोष्ट एकच, ती पाण्याची. त्यांच्या स्वयंपाकघरात पिण्याच्या पाण्याचा वेगळा नळ होता. त्याला पहाटे पाच ते साडेसातच्या मधे केव्हाही पाणी यायचं आणि अर्ध्या तासात जायचं. दातारांनी नळाच्या तोंडाशी तांब्याच्या दोन तारा बसवल्या. रात्री नळ उघडा ठेवून झोपायचं. पाणी आलं की दोन्ही तारा भिजायच्या, हॉलमध्ये डबीत ठेवलेल्या बोर्डाला ते कळायचं आणि डबीला जोडलेला स्पीकर बोलायचा. नळ बंद करेपर्यंत दर मिनिटाला बोलत राहायचा.

आवाज सुमतीचा होता, आणि तोही योगायोगाने. माइक चालतो का ते बघायला दातारांनी रेकॉर्डिंग सुरू केलं होतं, तेवढ्यात ती आतून ओरडली, "अहो, पाणी आलं. ऐकताय ना? उठा आता." दातारांनी तो तुकडा 'टेस्ट वन' या नावाने ठेवून दिला. नंतर त्या जागी एखादी छानशी घंटा बसवायची होती. ते चार वर्षं राहूनच गेलं.

गेल्या वर्षी संक्रांत झाली आणि आठवड्याभरात सुमतीला पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत चालावं लागू लागलं, आणि बोलणं साफ गेलं. कळत तिला सगळं होतं. कोण आलं, काय म्हणालं, भाजीत मीठ जास्त पडलं, सगळं. फक्त शब्द येत नव्हता. दिवसभर तोंडाचा पट्टा चालवणारी बाई गप्प झाली तेव्हा दातारांना घर एवढं मोठं असल्याचं प्रथमच कळलं, आणि त्याची त्यांना भीती वाटली.

दर शनिवारी ते तिला ठाण्याला नौपाड्यात घेऊन जात. तिथे श्रिया नावाची मुलगी स्पीच थेरपी देत असे. चित्रं दाखव, ओठ हलवायला लाव, गाणं म्हणून बघ, असं सगळं तिने वर्षभर करून पाहिलं. सुमती शहाण्या मुलीसारखी बसून राही आणि शेवटी थकून मान फिरवी. आणि एका पहाटे, डबी बोलत असताना, दातारांनी पाहिलं की सुमतीचे ओठ तिच्याबरोबर हलताहेत. ते बोर्ड, वायर, स्पीकर असं सगळं पिशवीत भरून नौपाड्याला घेऊन गेले. श्रियाने तीनदा ऐकवलं, तिन्हीदा सुमतीच्या तोंडाकडे टक लावून पाहिलं.

"काका, हे बंद करू नका," ती म्हणाली. "रोजचं वाक्य आहे, काकूंच्याच आवाजातलं, त्यांच्याच चालीतलं. बोलणं परत आलं तर याच वाटेने येईल."

तेव्हापासून सुमतीची खुर्ची डबीशेजारी गेली. पाच वाजता ती उठून तिथे बसायची आणि पाण्याची वाट बघायची. या वर्षी गणपतीत, गौरी आल्या त्या दिवशी, डबी बोलली आणि तिच्या पाठोपाठ सुमती स्वच्छ म्हणाली, "अहो." बस, एवढंच. दातार उठून मोरीत गेले आणि नळ सोडून रडले. त्यानंतर रोज पहाटे ते एक "अहो" येऊ लागलं. डबीबरोबरच यायचं, एरवी नाही. दुपारी कितीही विनवलं तरी नाही. पण एक आलं तर दुसरं येईल, "पाणी" येईल, असं धरून दातार चालले होते. बासष्टाव्या वर्षी बायको पुन्हा बोलायला शिकत होती, आणि तिची मास्तरीण तीच होती.

मग त्यांनी त्या डबीची अशी काळजी घेतली की काही विचारू नका. लाइट गेली तरी बोलणं चुकू नये म्हणून बोर्डाखाली एक बॅटरी बसवली. बोर्डावरचा लाल दिवा रात्री सुमतीच्या डोळ्यांवर येतो म्हणून त्यावर काळी चिकटपट्टी लावली. दोन्ही गोष्टी शहाणपणाच्याच होत्या.

आणि दसरा आला. दसऱ्याला दातारांच्या हत्यारांची पूजा दर वर्षी सुमती करायची. पकड, मल्टिमीटर, सोल्डरिंग गन पाटावर मांडायची, आणि बोर्ड डबीतून बाहेर काढून ठेवायला लावायची. पूजा डब्याची करायची की यंत्राची, असा तिचा सवाल असे. मग बोर्डाच्या कडेच्या पत्र्यावर ती हळदीकुंकवाचं इवलंसं बोट लावायची, आणि ते कुंकू तिथे वर्षभर राहायचं. गेल्या वर्षी आजारपणात पूजा झालीच नाही. या वर्षी दातारांनी सगळं स्वतः मांडलं. आपट्याची पानं, झेंडू, निरांजन, पंचपात्री, कशात काही कमी नव्हतं. भिंतीवरचं बटण बंद केलं, वायर काढली, बोर्ड पाटावर ठेवला आणि सुमतीला समोर बसवलं.

ती खुणेने नको म्हणत होती. उजव्या हाताकडे बोट दाखवत होती, मान हलवत होती. डाव्या हाताने पूजा करत नाहीत, एवढं साधं दातारांना कळू नये याचा तिला राग आलेला दिसत होता. दातारांनी हट्ट धरला. यंत्राला डावं-उजवं कळत नाही, असं म्हणाले. तू नाही केलीस तर या वर्षी पूजा नाही, असंही म्हणाले. शेवटी तिने डाव्या हाताने फूल उचललं, पाण्यात बुडवून पकडीवर शिंपडलं, मल्टिमीटरवर शिंपडलं. कुंकवाचं बोट बोर्डाच्या पत्र्यावर बरोब्बर टेकवलं. तिला जमतंय हे बघून दातारांचा चेहरा फुलला. मग तिने पंचपात्रीच उचलायला घेतली, आणि डाव्या हाताच्या बोटांना तिचं वजन पेललं नाही. सगळं पाणी बोर्डावर.

सुमती दचकून त्यांच्याकडे बघत राहिली. दातार हसले. "असू दे गं. लाइट बंद केलीय मी. वाळलं की झालं." तिने भांडं उचललं होतं याचाच त्यांना आनंद झाला होता. बोर्ड पुसायला हातात घेतला तेव्हा तो गरम लागला. करपल्याचा बारीक वास आला. आणि तेव्हा, टेलिफोन खात्यात चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला आठवलं की खाली बॅटरी आहे, ती चालू आहे, आणि ते सांगणाऱ्या लाल दिव्यावर आपणच पट्टी चिकटवली आहे.

बोर्ड गेला, त्यातलं मेमरी कार्डही गेलं. बोर्डाचं काही नव्हतं, दुसरा मिळतो. दातारांनी कपाटातून पेनड्राइव्ह काढला. बिल्डिंगच्या ग्रुपवर ते सगळ्यांना बॅकअप घ्या, बॅकअप घ्या म्हणून पिडायचे, आणि स्वतःही तो दर महिन्याला घेत. त्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅमची एकूण एक ओळ त्यात तारीखवार होती. तुळशीची होती, बेलची होती, नळाची होती. 'टेस्ट वन' नव्हतं. ते काम थोडंच होतं? घंटा बसेपर्यंतची ती सोय होती. बायकोचा आवाज सोडून या गाढवाने सगळं जपून ठेवलं होतं.

संध्याकाळी सोनं वाटायला शेजारचे लोक आले. दातारांनी सगळ्यांना पानं दिली, पेढे दिले. सुमतीला त्यांनी सांगितलं, बोर्ड वाळत ठेवलाय, काही झालेलं नाही. रात्री त्यांनी नळ बंद केला. सकाळी म्हणाले, पुढे कुठेतरी पाइपलाइनचं काम काढलंय, पाणी यायचं नाही काही दिवस. प्यायला वीस लिटरचा जार मागवला. तिच्या हाताने ते घडलं हे तिला कळता कामा नये, याखेरीज त्यांच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. सुमती पाच वाजता खुर्चीत येऊन बसायची ती बसतच राहिली.

कल्याणला साईनाथ म्हणून एक मुलगा मेलेल्या कार्डांमधून फोटो काढून देतो, असं कळलं होतं. दातार तिथे गेले. त्याने भिंगाखाली कार्ड धरलं, यंत्रात घालून बघितलं, दोन दिवस ठेवून घेतलं. परत देताना खाली बघून म्हणाला, "काका, आतली चिपच जळालीय. उगाच आशा लावत नाही तुम्हाला." नौपाड्याला श्रियाला विचारलं, तू कधी रेकॉर्ड केलं होतंस का. तिने केलं नव्हतं. पहिल्याच दिवशी फोन वर धरला तेव्हा काकूंनी हाताने नको म्हटलं होतं. खरंच होतं ते. सुमतीला फोटोचं, रेकॉर्डिंगचं जन्मात वावडं. लेकीच्या, देवयानीच्या लग्नाच्या व्हिडिओत ती तीन ठिकाणी दिसते, तिन्ही ठिकाणी पाठमोरी, आणि वर सनई.

तेव्हा त्यांनी पुण्याला देवयानीला फोन केला. लेकीचा आवाज आईसारखा होता, फोनवर माणसं फसायची. देवयानी आधी रडली, मग आईची चाल आठवून आठवून तिने ते वाक्य अकरा वेळा रेकॉर्ड करून पाठवलं. "अहो, पाणी आलं. ऐकताय ना? उठा आता." जन्मात पहिल्यांदा तिने बापाला अहो म्हटलं होतं. दातारांनी त्यातलं नववं निवडलं. नवा बोर्ड आणला, जुन्या डबीत बसवला, त्यावर काळी पट्टी तशीच लावली. दसऱ्यानंतर दहाव्या रात्री त्यांनी सुमतीला सांगितलं की पाइपलाइनचं काम संपलं. नळ उघडा ठेवला आणि रात्रभर जागे राहिले.

सहाला दहा मिनिटं असताना पाणी आलं. डबी म्हणाली, "अहो, पाणी आलं."

सुमतीचा चेहरा उजळला. ओठ "अ"साठी उघडले. आणि तसेच राहिले. तिने वळून दाराकडे बघितलं. खुर्चीचा हात धरून उठली, पाय ओढत दारापर्यंत गेली, कडी काढली. जिन्यात कोणी नव्हतं. ती जिन्याच्या वळणापर्यंत बघत राहिली, लेक वर येईल म्हणून. दहा दिवस दातार खोटं बोलत होते, आणि एकदाही त्यांच्या मनात आलं नव्हतं की आईला लेकीचा आवाज कळतो.

मागे डबी पुन्हा बोलली. सुमतीने दार लावलं. परत आली, डबीजवळ उभी राहिली, आणि डाव्या हाताच्या नखाने तिने डबीचं झाकण उचकटलं. आत हिरवा बोर्ड होता. कडेचा पत्रा चकचकीत, कोरा. कुंकवाचा ठिपका नव्हता. ती बराच वेळ त्या पत्र्याकडे बघत होती. मग तिने दातारांकडे बघितलं. त्या बघण्यात राग असता तर त्यांनी तो सुखाने सोसला असता.

"तुझा काही दोष नाही गं," दातार म्हणाले. "बॅटरी मी बंद केली नव्हती. मीच विसरलो."

तिने ऐकलं. तिला कळलंही असणार, तिला सगळंच कळायचं. तरी ती त्यांच्यासमोर सरळ उभी राहिली, ओठ घट्ट मिटले आणि डावा हात पुढे केला, तळवा वर करून. तिच्या वर्गातली मुलं गृहपाठ विसरली की पट्टी खायला असाच हात पुढे करत.

दातारांनी तो हात दोन्ही हातांत धरला. तिने सोडवून घेतला आणि पुन्हा पुढे केला. आत नळाखालचं पिंप भरून पाणी फरशीवर वाहू लागलं होतं. डबी दर मिनिटाला देवयानीच्या आवाजात विचारत होती, ऐकताय ना. सुमतीने हात खाली घेतला नाही.