वेताचं कॅबिनेट

लेलाच्या संगणकाची काच आपटून फुटली नव्हती. कॅबिनेटच्या आतली धूळ झाडायची म्हणून तिनं बाजूची काच काढली, फरशीवर अगदी अलगद उभी टेकवली, आणि टणकन आवाज होऊन अख्ख्या काचेचा साबुदाणा झाला. स्वयंपाकघरात तेंपे, म्हणजे सोयाबीनच्या वड्या, तळणारी तिची आई तुरिनी हातातला झारा घेऊनच बाहेर धावली.

"काय फोडलंस ग?"

"मी नाही फोडली, मिमी. तीच फुटली."

"हो, लहानपणी बशाही तुझ्या हातातून अशाच आपल्या आपण फुटायच्या."

दोघींनी मिळून तुकडे गोळा केले. पुढचे चार दिवस ते कोपऱ्याकोपऱ्यातून निघतच राहिले.

लेला घरबसल्या काम करायची. बांडुंगच्या आणि जकार्ताच्या कचेऱ्या तिला नकाशे पाठवत आणि अजून न बांधलेल्या इमारती बांधल्यावर कशा दिसतील याची चित्रं ती संगणकावर तयार करून देई. एकेका चित्रासाठी संगणक सहा-सहा तास सलग राबायचा आणि तापायचा. काच गेल्यावर तो एका बाजूनं उघडा पडला. तिसऱ्याच दिवशी भिंतीवरची एक पाल ऊब शोधत आत शिरली आणि पंख्यात अडकली. पंखा बंद पडला, संगणक तापून आपोआप विझला आणि सकाळपासून चाललेलं एका हॉटेलचं चित्र अर्ध्यावर वाया गेलं. पालीचं काय झालं ते सांगण्यासारखं नाही. लेलानं मग जुन्या मच्छरदाणीचा तुकडा लावून पाहिला. त्यातून पाल येईना, पण दोन दिवसांत त्यावर धुळीचा थर बसला आणि वाराही येईना.

"नवीन कॅबिनेट मागव की," वार्सिदी म्हणाला. तो लेलाचा बाप. ओट्यावर पाय पसरून बसायची त्याची ठरलेली जागा होती, आणि घरातल्या प्रत्येक गोष्टीवर तिथून मत द्यायची सवयही.

"सगळ्यांना काचच असते बापा, हल्ली. आणि समोरूनही बंद. दिसायला छान, आत भट्टी."

तुरिनी इतका वेळ त्या उघड्या डब्याकडे बघत होती. "तुला नेमकं हवंय काय? वारा आत जायला हवा आणि पाल जायला नको. एवढंच ना?"

"एवढंच."

"मग ती तर टोपली झाली."

वार्सिदी इतका हसला की त्याला ठसका लागला. "संगणकाला टोपली! घाल, घाल. उद्या त्यात कोंबडीही बसेल अंड्यांवर. गरम तर आहेच."

पण तुरिनी हसण्यावारी नेणारी नव्हती. त्यांच्या गावात, तेगलवांगीत, राहायचं आणि वेताला हात लावायचा नाही असं माणूस सापडणं कठीण. तुरिनी चौदाव्या वर्षापासून विणत होती. कारखान्याची गाडी खुर्च्यांचे सांगाडे दारात उतरवून जाई, ती बैठका आणि पाठी विणून देई, गाडी येऊन घेऊन जाई. वार्सिदी त्याच कामाच्या दुसऱ्या टोकाला. सव्वीस वर्षं त्यानं कारखान्यात वेत वाफवून वाकवले, गुडघे गेले तेव्हा घरी बसला. गंमत अशी, की त्यानं वाकवलेला एकही सांगाडा कधी तिच्या हाताखाली आला नव्हता. त्याचे दुसऱ्यांकडे जायचे, तिच्याकडे दुसऱ्यांचे यायचे.

"पेट नाही ना घेणार?" तिनं लेलाला विचारलं.

"नाही ग. आतून येणारा वारा तुझ्या चहाच्या वाफेइतकाही गरम नसतो. फक्त आतल्या वस्तू लोखंडावरच बसवलेल्या हव्यात, आणि नीट सरळ. इतकुसाही बाक चालत नाही."

"सरळपणाचं मला नको सांगूस. ते यांना सांग," असं म्हणत तुरिनीनं ओट्याकडे हनुवटी उडवली.

वार्सिदीनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पण दुपारी लेला जुन्या कॅबिनेटचे रिवेट ड्रिलनं उडवायला बसली आणि तिसऱ्याच रिवेटला ड्रिल घसरला, तेव्हा त्याला राहवेना. "आण इकडे. हात जाईल एखादा." त्यानं सगळे रिवेट काढले, आतली लोखंडी पाठ आणि वीजपुरवठ्याच्या डब्याची बैठक अख्खी सोडवली, आणि उरलेला पत्रा दाराबाहेर ठेवला. मग मिशीवरून हात फिरवत म्हणाला, "आता ही पाठ उभी कशात करायची ते बघावं लागेल." बोलून झाल्यावर आपण कामात ओढले गेलो हे त्याच्या लक्षात आलं, पण तोवर तुरिनी त्याच्यासाठी मोजपट्टी घेऊन आली होती.

लेलानं नूडल्सच्या खोक्याचा पुठ्ठा कापून मापं काढून दिली. पंखे कुठे, तारांना जागा कुठे, मागची भोकं कुठे. वार्सिदीनं शेजारच्या कारखान्यातून अंगठ्याएवढ्या जाडीचा वेत निवडून आणला. एकेक दांडा डोळ्यासमोर धरून बघायचा, गाठीवरून बोट फिरवायचं, नापसंत पडला की बाजूला. मग गॅसच्या ज्योतीवर शेकत शेकत त्यानं चारही कोपरे गोल वाकवले. ओल्या फडक्याची एक थाप द्यायची, वेत चुरचुरायचा आणि तसाच थिजायचा. दोन वर्षं त्यानं हे काम केलं नव्हतं. पहिला दांडा तडकला. दुसरा जमला. पाचव्याला तो शीळ घालायला लागला.

"कोपरे गोल कशाला बापा? चौकोनी चाललं असतं," लेला म्हणाली.

"चौकोनी वेत पाहिलास कधी?"

सांगाडा दोन दिवसांत उभा राहिला. आत लोखंडी पाठ अशी बसली की जणू तिच्यासाठीच तो वाढला होता. आता पाळी तुरिनीची. तिनं वेताच्या सालीच्या पट्ट्या बादलीत भिजवल्या, मांडीवर जुनं पोतं घेतलं आणि सुरुवात केली. तिच्या पहिल्या कारखान्यातला मुकादम विणलेली बैठक हातात घेऊन सूर्याकडे धरायचा. उजेड दिसला की बैठक परत. तेव्हापासून तुरिनीची वीण म्हणजे गच्च. पट्टी ओढायची, खिळ्यानं ठोकायची, पुन्हा ओढायची. तिसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर असरच्या अजानीला शेवटचं टोक आत दडवून तिनं हात झटकले. वर पंख्यासाठी जागा, बाजूला तारांसाठी फट, समोर तिची आवडती उलटसुलट वीण. लेलानं जवळ जाऊन हात फिरवला आणि आईच्या खांद्यावर डोकं टेकलं.

वीण सुकायला ठेवली. सुकल्यावर बघतात तर अख्खं कॅबिनेट एका बाजूला पिळलं गेलेलं. फार नाही, अर्धा सेंटिमीटर. पण मागच्या भोकांत तारांची टोकं शिरेनात.

"चौकट कच्ची," तुरिनी म्हणाली.

"माझी चौकट कच्ची?" वार्सिदी ओट्यावरून उठलाच. "सव्वीस वर्षांत एक सांगाडा परत आला नाही माझा!"

"परत कसा येईल? बोटीतून परदेशी गेलेला. कोण परत पाठवणार?"

"तुझ्या हातानं ओढलंय ते. विणतेस का बैल बांधतेस?"

"मला विणणं नका शिकवू, कांग," ती नवऱ्याला म्हणाली. "तुम्ही वाकवा. तुमचं तेच काम."

त्या दिवशी जेवताना दोघं एकमेकांशी लेलाच्या मार्फत बोलले. "तुझ्या बापाला विचार, भात हवाय का." "तुझ्या आईला सांग, पोट भरलं." लेलानं दोन-तीन निरोप पोचवले, मग आपलं ताट उचलून शेजारणीकडे गेली.

दुसऱ्या दिवशी वार्सिदीनं ज्योत लावली, सांगाड्याचे खालचे दोन दांडे शेकून उलट्या बाजूनं जरा जास्त वाकवले, आतून एक आडवा दांडा ठोकला आणि ओढूनताणून पीळ काढला. टोकं भोकांत गेली. लेलानं सगळं जोडलं आणि एक मोठं चित्र तयार करायला लावलं. तिघं पाटांवर बसून पडद्यावरचा तापमानाचा आकडा बघत राहिले. साठ. बहात्तर. ऐंशी. पंखे विमानासारखे ओरडायला लागले. आकडा नव्वदीच्या पुढे गेला तेव्हा लेलानं बटण बंद केलं.

तुरिनीनं विचारलं, "माझं काय चुकलं?"

लेलानं विणीपाशी बोट नेऊन पाहिलं. "मिमी, तुझी वीण फारच चांगली आहे. तेच चुकलंय. वाराच जात नाही त्यातून."

चांगली वीण हीच चूक, हे तुरिनीला पचेना. ती परसात जाऊन बसली. चाळीस वर्षं ज्या गोष्टीसाठी तिला नावाजलं होतं तीच आज नको होती. तिला रडू वगैरे आलं नाही, पण हात कुठे ठेवावेत ते कळेना. पोर तरी काय खोटं बोलत होती? नव्वदचा आकडा तिनं स्वतः पाहिला होता. थोड्या वेळानं ती उठली, कात्री घेतली, आणि समोरची वीण एकेक पट्टी करून कापायला लागली.

निम्मी वीण सुटली असेल तेव्हा सांगाड्यातून 'टक्' असा आवाज आला आणि अख्खं कॅबिनेट तिच्या मांडीवर हललं. तिनं ते खाली ठेवून पाहिलं. चौकट आता दुसऱ्या बाजूला पिळली होती, वार्सिदीनं जितकी जास्त वाकवली होती बरोबर तितकी. म्हणजे मुळात ती सरळच होती. ओढलं होतं तिच्या विणीनं.

तिनं मान वर केली. वार्सिदी दारात उभा होता. त्यानं सगळं पाहिलं होतं.

"मी काही बोललो का?" तो म्हणाला.

"बोला, बोला. नाहीतर रात्रभर पोटात दुखेल."

"नाही बोलत." तो खाली बसला, गुडघे धरून, हळूहळू. "पण ज्योत पेटव. पुन्हा सरळ करायला हवं. आणि या खेपेला विणताना मला जवळ बसू दे. तू ओढलंस की मी इकडून धरतो."

मग दोघांनी तसंच केलं. तुरिनीनं आता सहाकोनी मोकळी जाळी धरली. ती तिला येत नव्हती असं नाही, पण हात ऐकेना. दर चार पट्ट्यांनी बोटं आपसूक आवळायची, आणि वार्सिदी म्हणायचा, "सोड. सोड जरा." भोकं किती मोठी ठेवायची यावरून पुन्हा वाद झाला. पालीचं डोकं मावलं की अख्खी पाल मावते, असं वार्सिदीचं म्हणणं. मग तो मोजपट्टी घेऊन दिव्याजवळच्या भिंतीशी उभा राहिला आणि तिथल्या एका पालीचं डोकं मोजायचा प्रयत्न करू लागला. पाल शेपूट त्याच्या हातात देऊन पळाली.

"मिळालं का माप?" तुरिनीनं विचारलं.

"शेपटीचं मिळालं."

लेला इतकी हसली की खाली बसली. शेवटी तिनंच मार्ग काढला. जाळी हवी तेवढी मोकळी विणायची, आणि आतून खोबऱ्याचं दूध गाळायच्या चाळणीची बारीक तारेची जाळी लावायची, काढून धुता येईल अशी. बाजारातून दोन चाळण्या आल्या. एक कॅबिनेटला गेली, दुसरी तुरिनीनं स्वयंपाकघरात ठेवून घेतली.

या वेळी पट्ट्या पूर्ण सुकेपर्यंत कोणी घाई केली नाही. कॅबिनेट जिथल्या तिथे सरळ राहिलं. जोडणी झाली, चित्र लावलं, तिघं पुन्हा पाटांवर. साठ. पासष्ट. अडुसष्ट. आकडा तिथेच घुटमळला. पंख्यांचा आवाज इतका हळू, की बाहेर सोयाबीनचं तोहू विकणाऱ्याची घंटा स्पष्ट ऐकू यावी. तुरिनीनं वरच्या पंख्यावर तळहात धरला. कोमट वारा बोटांमधून वर येत होता, त्याला वेताचा हलका धुरकट वास होता.

लेलानं फोटो काढून संगणकवाल्यांच्या एका गटात टाकला. तिथे लोक काचा, रंगीत दिवे आणि पाण्याच्या नळ्या लावलेली कॅबिनेट दाखवायचे. संध्याकाळपर्यंत शेकडो जणांनी विचारलं की हे कुठे मिळतं. सुराबाया शहरातल्या एकानं लिहिलं, वीण कुणाची आहे? लेलानं आईला वाचून दाखवलं.

"लिही, वीण तुरिनीची," तुरिनी म्हणाली. मग ओट्याकडे बघून, "आणि चौकट वार्सिदीची. नाहीतर जेवणार नाहीत."

सुराबायाच्या माणसाला तसंच कॅबिनेट हवं होतं. त्याची मापं आली. वार्सिदी पुठ्ठा घेऊन बसला.

दुपारचं काम आटपलं की तुरिनी आता आपलं विणकाम घेऊन लेलाच्या टेबलाशेजारी बसू लागली, तिथे वारा छान यायचा म्हणे. एके दिवशी लेला हॉटेलच्या दिवाणखान्याचं चित्र करत होती. त्यात वेताच्या खुर्च्या मांडलेल्या. तुरिनीनं चष्मा सरकवून पडद्याकडे पाहिलं.

"ही खुर्ची कोणी विणली?"

"मीच ग. म्हणजे, चित्रात."

"बसणारा खाली पडेल. ही पट्टी इथून खाली गेली तर तिथे वर कशी आली? आणि कोपरा बांधलेलाच नाही."

लेलानं चित्र मोठं करून पाहिलं. खरंच होतं. इतकी वर्षं ती अशाच खुर्च्या चित्रांत मांडत आली होती, आणि कुठल्या कचेरीनं कधी विचारलं नव्हतं. तिनं मांडीवरचा कीबोर्ड बाजूला ठेवला आणि आपली खुर्ची आईकडे सरकवली.

"मग दाखव. कुठून सुरू करायचं?"

तुरिनीनं बादलीतून दोन ओल्या पट्ट्या काढल्या, पुसल्या, आणि एक लेलाच्या हातात दिली.