कोपराच्या उंचीवरचा दांडा

लेकीने बांधलेलं घर बघायला बाप आला आणि बघतच राहिला. घर कसलं, चार माणसं दाटीवाटीने झोपतील एवढी खोली. पण उंच डोंगरावरच्या बर्फाच्या वादळात तीच जीव वाचवणार होती. कारखान्याच्या मधोमध तिचा पूर्ण मापाचा नमुना उभा होता. छप्पर असं गोलसर की वाऱ्याला धरायला जागाच नको. भिंती हातभर जाड. दार आत उघडणारं, म्हणजे बाहेर कितीही बर्फ साचला तरी आतला माणूस कोंडला जायचा नाही. बापाने अर्धा जन्म वाटाड्या म्हणून त्या डोंगरांत काढला होता. त्यालाही खोट काढता येईना. पोरगी आपल्या दोन पावलं पुढे गेली, या विचाराने तो पुरता हरखला.

घोडं अडलं होतं दाराच्या दांड्यावर. खाली दाबून दार उघडायचा, लाकूड चढवलेला तो लांबलचक दांडा मोठ्या साहेबांच्या डोळ्यांत खुपत होता. साहेबांचं डोंगरांवर फार प्रेम, पण ते कॅलेंडरवरच्या.

"एवढ्या देखण्या दाराला हे काय लटकवलंय? गोल मूठ बसवा. आज आराखडा पक्का करायचाय."

"सर, गारठलेल्या हातांनी गोल मूठ फिरत नाही," लेक म्हणाली.

"कमाल करता! एवढा डोंगर चढून दारापर्यंत पोचलेल्या माणसाला साधं दार उघडता येणार नाही?"

लेकीचा चेहरा उतरला. बापाचे हात नेहमीसारखे कोटाच्या खिशात होते. बोटं वादळात गेली, एवढंच त्याने घरीदारी सांगितलं होतं. निवारा समोर असून आपल्याला दार उघडता आलं नाही, हे नावाजलेल्या वाटाड्याने कोणत्या तोंडाने सांगायचं? बायकोलाही त्याने कधी पत्ता लागू दिला नव्हता.

त्याने दोन्ही हात बाहेर काढले. अंगठे तेवढे धड होते.

"साहेब, मी पोचलो होतो दारापर्यंत. गोल मूठ होती. हाताने झालं, दाताने झालं, फिरेचना. मागची मंडळी येऊन दार उघडेपर्यंत बोटं गेली होती."

बाप दारापाशी गेला, कोपराने दांडा दाबला, खांदा टेकवला. दार अलगद उघडलं. साहेबांनी हात पाठीशी बांधून स्वतः एकदा तसंच करून पाहिलं.

"दांडा राहू दे," ते म्हणाले, आणि आराखड्यावर सही केली.

मंडळी पांगल्यावर बापाने विचारलं, "दांड्याची उंची अगदी नेमकी धरलीस गं. पुस्तकात असते का?"

"पुस्तकात कुठली, बाबा! आपल्या स्वयंपाकघराच्या दाराची आहे. तुम्ही दोन्ही पंजांत चहाचा पेला धरून कोपराने दार उघडता ना, ते लहानपणापासून बघतेय मी. कधी थेंब सांडला नाही तुमचा."

बापाने ते दार ओढून घेतलं आणि पुन्हा एकदा कोपराने उघडलं.